गाळाची चव

"जयवंती, जयवंती, मी प्लॅटफॉर्मवरून बोलतोय. तुम्ही हद्दीच्या आत आहात. ताबडतोब लांब व्हा. ओव्हर."

हे वाक्य त्या सकाळी मी तिसऱ्यांदा म्हणत होतो. जयवंती हे बोटीचं नाव. बोट करंज्याच्या हसुराम नाखवांची आणि नाव त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. त्या मुलीशी लग्न व्हावं म्हणून मी दोन वर्षं झुरत होतो, आणि माझी नोकरी अशी की रोज उठून भर समुद्रात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं नाव घ्यायचं आणि माझ्यापासून लांब जायला सांगायचं.

"ऐकू येतंय रं," हसुराम नाखवांचा आवाज खरखरत आला. ते कधी 'ओव्हर' म्हणत नसत. "सकालपासून बोंबलतंस. घसा बसंल. बोल."

"नाखवा, आज दिल्लीचे मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. हेलिकॉप्टर निघालं पण असेल. आजच्या दिवस तरी ऐका."

"ठाव हाय. तू जयवंतीला सांगलंस, जयवंतीनं मना सांगलं. म्हनून तर आलो."

मी कपाळाला हात लावला. शेजारच्या कुठल्याशा बोटीवरून एक आवाज मध्येच म्हणाला, "नाखवा, जावय लय कडक हाय तुमचा."

"अजून झाला नाय जावय," नाखवा म्हणाले.

या गोष्टीला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. करंज्याहून बोटीनं दहा-बारा तास गेलं की समुद्रात आमचा प्लॅटफॉर्म लागायचा. चार लोखंडी पायांवर उभा असलेला तीन मजली सांगाडा. समुद्राच्या पोटातलं तेल आणि वायू वर काढायचा आणि तळाशी टाकलेल्या नळातून किनाऱ्याकडे पाठवायचा, हे तिथलं काम. नको असलेला वायू एका लांब दांड्याच्या टोकाला सतत जळत असायचा. आमचे कोळी त्या चार पायांना मांडव म्हणत आणि जळत्या टोकाला चूल. पायांवर कालवं लागलेली, कालवांभोवती बारीक मासळी, तिच्यामागे मोठी मासळी. त्यामुळे जाळं टाकायला मांडवासारखी जागा नाही, हे सगळ्या कोळ्यांना पाठ होतं. आणि मांडवाभोवती अर्ध्या किलोमीटरच्या आत कुणी फिरकायचं नाही, हा कंपनीचा नियम होता.

आधी कंपनीनं एक इंग्रजी बोलणारा माणूस वायरलेसवर बसवला होता. त्यानं दरडावलं की बोटीवरचे लोक त्याला हात हलवून नमस्कार करत आणि जाळं टाकत. मग कंपनीनं बोटींना वायरलेसचे संच फुकट वाटले आणि त्यांच्याच भाषेत त्यांना हाकलायला त्यांच्यातलाच एक माणूस ठेवला. तो मी, चिंतामण कोळी, दहावी पास, हंगामी रेडिओ ऑपरेटर. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मोठी बोट चुकून नाही तर लाटेनं त्या पायांवर आपटली, तर खाली वायू आणि वर चूल, पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणजे काम काही अगदीच फालतू नव्हतं.

हसुराम नाखवांची अट एकच होती. पोरगी देणार ती पर्मनंट नोकरीवाल्याला. "हंगामी मानूस म्हंजे पावसातली होडी," ते म्हणायचे, "वर ओढून ठेवलेली." माझ्या पर्मनंटीचा कागद त्या दिवशी वरच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर तयार होता. तपासणी नीट पार पडली की दिल्लीचे साहेब त्यावर सही करणार होते. कागदात अट एकच होती, की वर्षभरात एकही बोट अर्ध्या तासाहून जास्त वेळ हद्दीत थांबलेली नसावी. आणि हसुराम नाखवा सकाळी सातपासून हद्दीत बसले होते. ज्याला मी पर्मनंट हवा होतो, तोच माझ्या पर्मनंटीवर नांगर टाकून बसला होता.

"काहून रे चिंतामण, गेला नाही का तो बुढा अजून?"

दारात आमचे खानझोडे साहेब उभे होते. प्लॅटफॉर्मचे प्रमुख, काटोलकडचे. समुद्रावर नऊ वर्षं काढूनही त्यांचं समुद्राशी जमलं नव्हतं. मासा चालत नसे, बोट चालत नसे, आणि हेलिकॉप्टरमध्ये ते डोळे गच्च मिटून, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसत. पण मनानं माणूस सरळ होता. माझा कागद त्यांनीच पुढे सरकवला होता.

"जात नाहीत, साहेब."

"काय म्हणते तो?"

मी मायकाचं बटण दाबलं. आमचा टेबलावरचा मायक जुना होता, बटण दाबलं की कधी कधी आतच अडकायचं आणि नखानं वर काढावं लागायचं. "नाखवा, साहेब स्वतः विचारतायत. तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"साह्यबांना सांग, तुमचा नल फुटलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे.

"कुठला नळ, नाखवा?"

"खालचा. दर्याच्या बुडातला. तीन खेपा झाल्या, मांडवाखाली मावरं नाय. कुपा नाय, सुरमय नाय, घोल तर सोडूनच दे. कालवं हायत, चूल पेटती हाय, तरी मावरं नाय. मी तुला मागल्या खेपेला सांगलं, त्याच्या मागल्या खेपेला सांगलं."

सांगितलं होतं हे खरं. पण मला वाटायचं, हद्दीत थांबायला नाखवांनी शोधलेला हा आणखी एक बहाणा. त्याआधी इंजिन बिघडलं, खलाशाच्या पोटात दुखतंय, टोपी पाण्यात पडली, असे बहाणे त्यांनी केलेच होते.

"नाखवा, आमच्याकडे मीटर आहे. मीटर सगळं ठीक दाखवतोय."

"मीटर वर हाय. नल खाली हाय."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"चाखलं."

आता हे साहेबांना समजावून सांगणं आलं. आमच्याकडच्या जुन्या तांडेलांकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यांकडे, पेरूएवढं शिशाचं वजन असतं. त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात मेण भरलेलं. ते दोरीनं तळाला सोडायचं आणि वर ओढायचं. मेणाला तळाचा गाळ चिकटून येतो. गाळाचा रंग पाहायचा, वास घ्यायचा आणि मग तो जिभेला लावायचा. आपण कुठं आहोत, खाली काय आहे, मासळी असेल की नाही, हे त्यावरून कळतं. नवे तांडेल हे करत नाहीत, त्यांना किळस येते. हसुराम नाखवा मात्र धुक्यात सापडले तरी चाखून सांगत, की रेवस अजून दोन तास आहे.

"उत्तरंच्या पायापासून सात वाव सरकलो का रॉकेल लागतंय," नाखवा सांगत होते. "दहा वावांवर कमी. पाच वावांवर कमी. सातावर लय. आता तूच सांग नल खं फुटलाय. बोल."

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, हे मी साहेबांना हात पसरून दाखवलं. ते खुर्चीत बसले.

"म्हणजे लाइन बंद करा म्हणते तो?"

"हो."

"असं कसं होईल, बे? एक तास लाइन बंद केली तर किनाऱ्यावर गॅसचा कारखाना बोंबलते. त्याच्यामागं खताचा कारखाना बोंबलते. महिन्याचं टार्गेट गेलं. आणि वर कारण लिहावं लागते. कारण काय लिहू? मीटर ठीक, पाणी साफ, तवंग नाही. चिंतामणच्या होणाऱ्या सासऱ्यानं चिखल चाटला?"

दुसरं कारण माझ्याकडेही नव्हतं.

साहेब उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"जिभेले लावते म्हणतोस?"

"हो साहेब."

"आमचा बा लावे," साहेब म्हणाले. ते चिडले किंवा हळवे झाले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. "संत्र्याचा बगीचा लावाच्या आधी वावरातली माती जिभेले लावे. ज्या तुकड्यातली माती थुंकली, तिथं झाड नाही लावे. मी शिकून गेलो, मले वाटलं बुढ्याले काय समजते. माती परीक्षणाचा कागद आणला, कागद म्हणे सगळं ठीक. दोनशे कलमं लावली. दोनशेही वाळली. बा काहीच बोलला नाही. तेच लागते अजून." ते खिडकीतून बोटीकडे पाहत राहिले. "बोलाव त्याले. इकडं, खांबाजवळ. मले पाहू दे तो गाळ."

"साहेब, हद्द आहे. हेलिकॉप्टर येईल आता."

"मी सांगून राहिलो न."

मी बटण दाबलं. घसा खाकरला. वर्षभरात पहिल्यांदा उलटं बोलायचं होतं. "जयवंती, जयवंती. या. जवळ या."

मग कुठल्यातरी बोटीवरून कुणीतरी म्हणालं, "आज मुहूर्त लागला," आणि चार-पाच बोटी एकदम हसल्या.

बोट मांडवाच्या पायाशी आली. मी वरून दोरीला बादली बांधून सोडली. नाखवांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं वजन तीत ठेवलं. मान वर करून त्यांनी मला हात केला, आणि मीही नकळत केला. बादली वर ओढून आम्ही फडकं उघडलं. खळग्यात राखाडी काळा गाळ होता. दिसायला साधा, कुठल्याही खाडीतला असतो तसा.

साहेबांनी आधी वास घेतला. मग डोळे मिटले, हेलिकॉप्टरमध्ये मिटत तसे, आणि जीभ बाहेर काढून वजनाला लावली. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मला विचारायची गरज उरली नाही. पण त्यांनी वजन माझ्यापुढे केलं. मीही लावली. रॉकेलच्या डब्यात बोट घालून चोखल्यासारखं झालं.

हेलिकॉप्टरचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला होता आणि दोघांनीही मनावर घेतला नव्हता. वळून पाहिलं तर जिन्यावर तीन माणसं उभी. पुढे दिल्लीचे साहेब, पांढरा शर्ट, डोक्यावर नवं कोरं हेल्मेट. त्यांच्यासमोर प्लॅटफॉर्मचा प्रमुख आणि रेडिओ ऑपरेटर जीभ बाहेर काढून उभे होते, आणि खाली पायाला टेकून एक मच्छीमार बोट उभी होती.

"ये क्या हो रहा है?" त्यांनी विचारलं.

"जाँच चल रही है, सर," खानझोडे साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमालानं जीभ पुसली.

मग सगळे रेडिओच्या खोलीत आले. दिल्लीच्या साहेबांनी शेल्फावरून घटनांची नोंदवही काढली. ती दोन हातांत मावणार नाही एवढी जाड वही. त्यांनी ती टेबलावर धाडकन आपटली, मायकाच्या अंगावरच, आणि ते हिंदीत सुरू झाले. बोट आत कशी आली, किती वेळ आहे, वायरलेसवर कोण बसलं होतं. खानझोडे साहेबांनी नळाचं सांगितलं. दिल्लीचे साहेब म्हणाले, लाइन बंद करायची तर करा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी वहीत नोंद हवी. गळती कशी आढळली, कुणाला आढळली, कुठे आढळली. नोंद ऑपरेटरच्या हातची, सही प्रमुखाची. नोंदीशिवाय एक व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं.

खानझोडे साहेब माझ्या कानाशी वाकले. "हे पाय चिंतामण. लिही, आमच्या माणसाले वरून तवंग दिसला. बोट मदतीले बोलावली, दहा मिनिटांसाठी. लाइनही बंद होते, तुझा कागदही वाचते. मी सही करतो."

माझ्या भल्याचंच सांगत होते ते. मी पेन उचललं. वहीकडे पाहिलं. आणि मग माझं डोकं फिरलं, कारण दोन वर्षांचं साचलेलं होतं.

"साहेब, वर तवंग नाहीच. तवंग लिहिलं तर पाणबुडे येतील, वरचं पाणी पाहतील आणि चहा पिऊन जातील. जागा एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस खवट आहे, साहेब. हट्टी आहे. वर्षभर छळलंय त्यानं मला. टोपी पाण्यात पडली म्हणून वीस मिनिटं थांबला होता एकदा, आणि टोपी त्याच्या डोक्यावर होती. मी पर्मनंट झालो नाही तर पोरगी देणार नाही तो, हेही मला माहीत आहे. पण गाळ त्यानं चाटला. तीन खेपा तो सांगत होता आणि मी ऐकलं नाही. आता त्याचं नाव पुसून मी स्वतःचं लग्न लावू? नाही जमायचं. नको देऊ दे पोरगी."

बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण दिल्लीच्या साहेबांनी वळून पाहिलं. खानझोडे साहेबांनी खिशातून संत्रं काढलं आणि तसंच परत ठेवलं.

मी वहीत लिहिलं. गळती कशी आढळली: तळाचा गाळ जिभेला लावून. कुणाला: हसुराम नाखवा, तांडेल, बोट जयवंती. कुठे: उत्तरेच्या पायापासून सात वाव. बोट हद्दीत किती वेळ: दोन तास दहा मिनिटं. ऑपरेटरला माहीत होतं काय: होय.

दिल्लीच्या साहेबांनी ते माझ्याकडून तीनदा हिंदीत वाचून घेतलं. पहिल्या रकान्यापाशी दर वेळी थांबून ते विचारत, "ज़बान से?" आणि दर वेळी खानझोडे साहेब म्हणत, "ज़बान से, सर. मैंने भी." मग सही झाली. लाइन बंद झाली. आणि दिल्लीचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, नियम म्हणजे नियम, याची पर्मनंटी एक वर्ष थांबवा.

सगळे खाली गेल्यावर मी वही उचलून शेल्फावर ठेवली. मायकाचं बटण आत रुतलं होतं. मी ते नखानं वर काढलं. नेहमी कलकलाट करणारा वायरलेस अगदी गप्प होता. जयवंती हद्दीबाहेर जाऊन उभी राहिली होती, आणि बाकीच्या बोटीही जिथल्या तिथे उभ्या होत्या. बोटी एकदाच्या सरळ वागल्या म्हणून मला तेवढंच बरं वाटलं.

नळाचा तो तुकडा दोन्ही टोकांनी बंद करून दाब ठेवला, तर दाब हळूहळू उतरायला लागला. दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले. उत्तरेच्या पायापासून सात वाव. मसुरीच्या डाळीएवढं भोक होतं. मीटरचा काही दोष नव्हता, त्याला मोजता येईल त्याहून ती गळती लहान होती. मासळीला मात्र ती पुरेशी होती. पुढे साहेबलोकांनी हिशेब केला की ते भोक वाढून नळ उसवला असता तर महिनाभर सगळंच बंद ठेवावं लागलं असतं आणि अलिबागपर्यंतचा किनारा काळा झाला असता. मी तेव्हा हिशेब करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

चौदा दिवस संपून घरी आलो तेव्हा माझ्या मागोमाग दोन पत्रं आली. एकाच कंपनीची, एकाच तारखेची. एका विभागानं गळती शोधल्याबद्दल माझं अभिनंदन केलं होतं. दुसऱ्या विभागानं बोट हद्दीत येऊ दिल्याबद्दल मला कायम करणं एक वर्ष पुढे ढकललं होतं. हसुराम नाखवांनाही दोन पत्रं आली, एक आभाराचं आणि एक ताकीद.

मी दोन्ही पत्रं घेऊन त्यांच्या घरी गेलो. खोटं बोलायचं नाही, पत्रं दाखवायची, नमस्कार करायचा आणि निघायचं, असं ठरवून गेलो होतो. नाखवा ओटीवर जाळं शिवत बसले होते. मी पत्रं पुढे केली. त्यांना वाचता येत नसे. त्यांनी आत हाक मारली.

जयवंती बाहेर आली. दोन वर्षांत आम्ही दोघं समोरासमोर जेमतेम तासभर बोललो असू, पण तेवढ्यात मला कळलं होतं की बापाचा हट्ट तिच्यात पुरेपूर उतरलाय, फक्त तो दिसत नाही. तिनं पहिलं पत्र खणखणीत वाचलं. नाखवांनी मान हलवली. तिनं दुसरं उघडलं. मनातल्या मनात वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काय लिवलंय गो?"

"लिवलंय," ती म्हणाली आणि तिनं पदर खोचला, "की श्री. चिंतामण कोळी यांना कंपनीच्या सेवेत आजपासून कायम करण्यात येत आहे."

मी वर कौलांकडे पाहायला लागलो.

"परत वाच," नाखवा म्हणाले.

"श्री. चिंतामण कोळी यांना कंपनीच्या सेवेत तात्काळ आणि सन्मानपूर्वक कायम करण्यात येत आहे."

"बास," नाखवा म्हणाले. "आजून एकदा वाचलंस तर त्याला साह्यब करशील." आणि जाळ्याची गाठ दातानं ओढत त्यांनी विचारलं, "कंदी काढायचा मुहूर्त?"

लग्नाला खानझोडे साहेब संत्र्यांची पेटी घेऊन आले होते. पंगतीत त्यांनी पहिल्यांदा सुरमई खाल्ली आणि डोळे उघडे ठेवून खाल्ली. मी खरोखरचा पर्मनंट झालो तो वर्षानं नाही, सव्वातीन वर्षांनी, कारण एका विभागाचा कागद दुसऱ्या विभागाला सापडत नव्हता. तोवर दर महिन्याला सासऱ्यांसमोर मी पर्मनंट माणसाचा चेहरा करून बसत असे. खोटं जयवंतीचं होतं, पण सांभाळावं मला लागलं. आणि जितकी वर्षं जात गेली तितकं ते सांगणं अवघड होत गेलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं. घरी जयवंतीनं घोळीचं कालवण केलं होतं. मामा, म्हणजे हसुराम नाखवा, आता पंच्याऐंशीचे. डोळे अधू झालेत, पण कान शाबूत आहेत. जेवायला बसलो आणि मला राहवेना.

"मामा, एक सांगायचं राहिलंय. ती चिठ्ठी, लग्नाआधीची..."

जयवंतीनं माझ्या पायावर पाय दिला.

"थांबवलेलं तुला," मामा म्हणाले. "एक वरीस. ठाव हाय मना."

"कुणी सांगितलं?"

"तूच. तुझं बटन अडकलेलं. सगलं ऐकू येत व्हतं. दर्यावर बावीस बोटी व्हत्या त्या दिशी. कोनी जालं टाकलं नाय, कोनी इंजान चालू केलं नाय. सगले कान लावून बसलेले."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या खोलीत मी काय काय बोललो होतो, ते एकेक करून आठवायला लागलं.

"म्हणजे ते पण..."

"खवट. हट्टी. छळतो." मामांनी बोटांवर मोजलं. "टोपी डोक्यावर व्हती म्हनालास. पाच-सा वर्सं मना धक्क्यावर खवट नाखवा म्हनत. आजून दोघं-तिघं म्हनतात."

"मग पोरगी कशी दिलीत?"

मामांनी भात कालवला. "पर्मनंट पर्मनंट मी कनाला करत व्हतो? मानूस आज हाय नि उद्या नाय आसा पोरीच्या नशिबी नको, म्हनून. तू नोकरी घालवलीस, पोरगी घालवायला निघालास, पन माझं नाव पुसलं नायस. वर मना शिव्या देऊन पुसलं नायस. याच्यापरीस पर्मनंट मी खं शोधायचा?"

चष्मा काढून मी तो उगाचच पुसत बसलो. जयवंती मात्र चिडली होती.

"बाबा, तुला सगलं ठाव व्हतं, तर मना दोनदा कनाला वाचायला लावलंस?"

"तू किती वाढवतंस ते बघत व्हतो," मामा म्हणाले. मग त्यांनी कालवणात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सांगितलं, "मीठ कमी हाय."

जयवंतीनं चाखून पाहिलंसुद्धा नाही. मुकाट्यानं उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.